कॉफी संपेपर्यंत लेखकानं बोलायचं नाही

आमच्या गटात फार कथा लिहून झाल्या असं कुणी म्हणणार नाही. कथांवर बोलता बोलता झालेले किस्से मात्र इतके साठलेत, की घरी पाहुणे आले की माझा नवरा आधीच बजावून ठेवतो, "हिला तेवढं गटाचं विचारू नका, जेवायला उशीर होईल." तुम्ही विचारलंच आहे, तर आता ऐका. जेवण होतंय.

गट म्हणजे म्हैसुरातला आमचा मराठी कथेचा गट. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी सरस्वतीपुरमला भीमरावकाकांच्या घरी जमतो. काका हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे मराठीतलं एक वाक्य पुरं करताना ते दोनदा कन्नडला जाऊन येतात. मी सांगलीची. नवऱ्याच्या बदलीमुळे इथं आले आणि नंजनगूडच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये चिकटले. देसाई सोलापूरचे, हेब्बाळला एका कंपनीत पर्चेस बघतात. करमरकर पुण्याचे, आणि ते पुण्याचे आहेत हे तुम्हाला माझ्या आधी त्यांनीच सांगितलं असतं. कडकोळच्या एका फॅक्टरीत ते क्वालिटी ऑडिट करतात. बाकीची मंडळी येऊन-जाऊन असतात.

गटाचा नियम काकांनी घातलेला. कथा वाचून झाली की 'छान', 'मस्त' काही म्हणायचं नाही. प्रत्येकानं आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: सांगतंय कोण? म्हणजे कथा कुणाच्या तोंडून येतेय, तो कुठं उभा आहे, त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही. ही चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही. काकू मधेच कॉफी आणतात. सगळ्यांचे पेले रिकामे झाले की मग लेखकाची पाळी. त्यामुळे ज्याला लेखकाचा छळ करायचाय तो कॉफी हळू पितो. करमरकरांचा पेला कधी कधी दुपारपर्यंत पुरतो.

*

पहिला मान देसायांचा.

गट नवीन होता. देसायांनी 'मी'ची कथा लिहून आणली. बायको गेल्यावर एकटा राहिलेला नवरा, तिचा चष्मा अजून फ्रिजवर ठेवलेला, तिच्या आवडीची भाजी आता कुणी आणत नाही, असं सगळं. वाचली पण अशी की काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. कौतुकानं देसायांना काही सुचेना. त्यांनी ती कथा तशीच ऑफिसातल्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर 'कथा' असं लिहायचं तेवढं राहिलं.

सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तिघंजण थेट त्यांच्या दारात. चेहरे पडलेले, हातात मोसंब्यांची पिशवी. देसाई नेमके भाजी आणायला गेले होते. दार उघडलं नीलिमानं, म्हणजे मिसेस देसायांनी. तिला बघून एकाच्या हातातून पिशवी सुटली आणि मोसंबी जिन्यावरून खाली गेली.

नीलिमा लेखकाशी संसार करते, तिला लगेच उमगलं. ती म्हणाली, "या, बसा. वारलेय मी, पण कॉफी करते अजून."

लेखक वेगळा आणि सांगणारा वेगळा, हे आमच्या गटाला कुठल्याही पुस्तकानं शिकवायची गरज नंतर पडली नाही. नीलिमानं देसायांना एवढीच अट घातली, की यापुढे 'मी' वापरायचा असेल तर कथेत नवरा आधी जाईल.

*

मग देसायांनी 'मी' सोडला आणि 'तो' धरला. इथं त्यांची गाठ करमरकरांशी पडली.

करमरकर कथा ऐकत नाहीत, तपासतात. त्यांचा ठरलेला सवाल असतो, "निवेदकाला हे कसं कळलं?" देसायांच्या नव्या कथेत प्रकाश नावाचा माणूस हॉलमध्ये बसलाय, भावाशी वाटणीवरून बोलणी चाललीत. सगळं प्रकाशच्या बाजूनं सांगितलेलं. आणि मधेच एक वाक्य येतं, की आतल्या खोलीत बंद दाराआड वहिनी आवाज न करता रडत होती.

करमरकरांनी काकांकडून एक कागद मागून घेतला आणि घराचा प्लॅन काढला. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, आतली खोली. हॉलमध्ये एक फुली मारून म्हणाले, "प्रकाश इथं. दार बंद. बाई आवाज करत नाहीये. मग आम्हाला दिसलं कसं?"

कुणीतरी देसायांची बाजू घेतली, की निवेदक देवासारखा असतो, त्याला सगळं माहीत असतं. करमरकर म्हणाले, "मग पहिल्या पानावर प्रकाशची किल्ली कुठं हरवली ते त्याला का माहीत नाही? देव ठेवायचा तर पूर्णवेळ ठेवा."

देसाई लाल होऊन बसलेले. बोलायची सोय नव्हती, कारण करमरकरांच्या पेल्यात अजून कॉफी होती आणि त्यांना काही घाई नव्हती. शेवटी देसाई घरी गेले ते न बोलताच.

पुढच्या बैठकीला त्यांनी कथा दुरुस्त करून आणली. वाक्य तेच, अश्रू तेच, वहिनीही तीच. फक्त सगळं कुटुंब त्यांनी एका खोलीच्या घरात हलवलं होतं. मधल्या भिंतीच काढून टाकल्या! करमरकरांनी पुन्हा प्लॅन काढला, इकडून तिकडून बघितला आणि सही करावी तसं म्हणाले, "पॉइंट क्लोज्ड."

*

माझीही एक मजा सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांचीच सांगते.

मी एका सुनेची कथा लिहिली होती. सांगणारी सूनच. सासू चहात साखर किती घातली ते बघते, दुधाची पिशवी धुतली का बघते, आणि सून बिचारी सोसते. वाचनाच्या आदल्याच आठवड्यात सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या. नवरा म्हणाला, "आईलाही घेऊन जा, तेवढीच तिला मराठी माणसं भेटतील." मला नाही म्हणता येईना.

वाचताना मी कागदातून मान वर काढली नाही. चर्चा सुरू झाली. सांगतंय कोण, तर सून सांगतेय. वैशाली, म्हणजे मी, आणि सून या वेगळ्या व्यक्ती आहेत, असं देसायांनी जरा जास्तच ठासून सांगितलं. सासूबाईंना नियम समजावून दिलेला होता. त्यांनी कॉफी एका घोटात संपवली, पेला उपडा करून दाखवला आणि विचारलं, "आता बोलू का?"

काका म्हणाले, बोला की.

"हीच गोष्ट सासूकडनं सांगून बघ," त्या मला म्हणाल्या. "सून काय काय सोसते ते सासूला कुठं दिसतंय तुझ्या कथेत? आणि सासूला काय दिसतं ते तर तुला ठाऊकच नाही."

रागानं मी घरी आले आणि रागातच लिहायला बसले. सासूकडून सांगायची म्हटल्यावर आधी मला हे शोधावं लागलं, की बाई दुधाची पिशवी का बघत असेल. ते सापडलं आणि कथा सरळ चालायला लागली. एका दिवाळी अंकानं ती छापली. अंकात नाव माझंच आहे. सासूबाईंनी सांगलीत तो अंक घरोघरी दाखवला तो मात्र 'माझी कथा' म्हणूनच.

*

'मी' बायकोनं बंद केला, 'तो' करमरकरांनी बंद केला. देसायांकडे 'तू' उरला होता. एका रविवारी ते 'तू'ची कथा घेऊन आले. नवीन प्रयोग आहे, असं सांगून त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचताना समोर बघायची त्यांची सवय, आणि समोर बसले होते भीमरावकाका.

"तू आज पुन्हा उशिरा उठलास," देसायांनी वाचलं.

"पाचला उठतो की मी," काका म्हणाले.

आम्ही हसू दाबलं. देसायांनी हातानं थांबा अशी खूण केली आणि पुढे वाचलं, की तू पेपर उघडलास, पण वाचला नाहीस.

"सगळा वाचलो. सुम्ने कशाला उघडायचा?" सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द काकांना दिवसातून कितीदाही लागतो.

काकांना हेडमास्तर झाल्यापासून कुणी असं तोंडावर विचारलं नसावं. प्रत्येक वाक्याला ते प्रामाणिकपणे उत्तर देत होते. तू बँकेत गेलास. नाही गेलो, रविवार आहे. तू मित्राला टाळलंस. कुठल्या मित्राला रे? करमरकरांनीसुद्धा रुमाल तोंडावर धरला होता. देसायांची कथा पार कोलमडली होती, तरी ते जिद्दीनं शेवटापर्यंत आले.

"तू तिला शेवटचं कधी विचारलंस, बरी आहेस का म्हणून?"

 आम्ही काकांच्या उत्तराची वाट बघत राहिलो. मग ते उठले, धोतर सावरलं आणि आत स्वयंपाकघरात गेले. आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू आलं, काकांनी काकूंना विचारलं, "बरी आहेस काय गं तू?"

 मग काकूंचा आवाज आला, "काय होतंय तुम्हाला? बीपीची गोळी घेतला ना?"

त्या दिवशी कुणी 'सांगतंय कोण' विचारलं नाही. देसाई अजूनही त्याला आपलं सगळ्यात यशस्वी वाचन म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं.

*

आता मेघनाचं सांगते. खरं तर हे सगळं मी तिच्यापाशी येण्यासाठीच सांगत होते.

मेघना काकांच्या भावाची नात. हेब्बाळच्या एका मोठ्या आयटी कॅम्पसमध्ये नोकरीला. स्कूटीवरून यायची, हेल्मेट काढायच्या आधीच "ऊट झालं काय?" म्हणून सगळ्यांना विचारायची. ऊट म्हणजे जेवण. सकाळी दहालाही हेच विचारायची. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, ऑफिसात इंग्रजी, असं तिचं वाढणं. त्यामुळे मराठी शब्द तिच्याकडे थोडेच. आम्ही बोलत असताना ती मधेच थांबवायची, "आंटी, हळहळली म्हणजे काय?" देसाई तिची फार थट्टा करायचे. ती हसायची.

एकदा मात्र तिनं सरळ सांगितलं. ऑफिसात महाराष्ट्रातून आलेल्या मुली आहेत. ती मराठीत बोलायला गेली की त्या हसून इंग्रजीवर जातात. एकीनं विचारलं होतं, तू खरंच मराठी आहेस का? "मला एक कथा लिहायची आहे मराठीत," मेघना म्हणाली. "एकच. खाली माझं नाव पाहिजे."

आणि तिनं लिहून आणली. वाचायला लागली तसे आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायला लागलो. 'सायंकाळच्या प्रहरी तिने चारचाकी वाहन स्थगित केले व उष्ण पेयाचे प्राशन केले.' सगळी कथा अशी. शब्द कमी पडले म्हणून तिनं मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपकडून घेतले होते.

प्रश्न फिरत फिरत गेला. सांगतंय कोण? मी काहीतरी गुळमुळीत बोलले. करमरकर छताकडे बघत राहिले. शेवटी काका, स्वतःची नात असूनही, म्हणाले, "सरकारी ऑफिस सांगतंय, पुट्टी." पुट्टी म्हणजे लाडानं छोटी.

सगळे हसले, तीही हसली. पण तिची पाळी आली तेव्हा आवाज लहान झाला होता. "शब्द कमी आहेत माझे," ती म्हणाली. करमरकरांनी चांगल्या मनानंच सुचवलं, की तू इंग्रजीत लिही, वैशालीताई मराठी करून देतील.

"मग ती आंटीची मराठी होणार," ती म्हणाली आणि हेल्मेट घेऊन निघाली.

नंतर ती कितीतरी रविवार आली नाही. मला फार वाईट वाटलं. एवढे नियम, एवढे प्लॅन, आणि ज्या पोरीला खरोखर काही सांगायचं होतं तिला आम्ही घालवलं असं वाटायचं.

*

दसरा झाल्यावर एका रविवारी स्कूटी वाजली. "ऊट झालं काय?" म्हणत मेघना आत आली, कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, आज मी वाचते.

मोबाइलवरून वाचायला लागली. कथा सांगत होती रत्नम्मा नावाची शेजारीण. बाई कन्नड. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे मराठी घर आहे, त्या घरातलं बोलणं ऐकून ऐकून ती मराठी शिकली आहे. काही कळतं, काही नाही. तिला त्या घरातल्या अज्जीचा हेवा वाटतो.

'अज्जी फार लकी आहे. तिला तीन मुलगे, तीन घरं. दसरा झाला की इथं येते. संक्रांत झाली की दुसरा मुलगा कार घेऊन येतो. आधीच सगळं ठरलेलं असतं. एक दिवस पण जास्त होत नाही. माझी असं कोण वाट बघतं?'

मेघना सपाट आवाजात वाचत होती. देसायांच्यासारखा आवाज लावणं तिला येतच नाही.

'अज्जी बॅग कधी रिकामी करत नाही. साडी काढते, धुते, परत बॅगमधेच ठेवते. कपाटात ठेवत नाही. किती नीट आहे बघा. मी माझ्या सुनेला सांगते, अज्जीकडनं शिक.'

आणि शेवटी कार येते.

'कारमध्ये अज्जी पुढं बसत नाही. मागं बसते, सामानाच्या बाजूला. तिला सामान फार आवडतं वाटतं. मला हात केली. मी पण हात केले. मग मुलगा आत जाऊन परत आला, बघायला, काही राहिलं नाही ना म्हणून. काही राहिलं नव्हतं.'

मोबाइल मांडीवर ठेवून ती गप्प बसली. नियमच होता.

काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांना खाली ठेवायचं सुचलं नाही. देसाई उठून व्हरांड्यात गेले. त्यांची आई तेव्हा सोलापूरला, त्यांच्या भावाकडे होती. त्यांचा फोनवरचा आवाज आत येत होता. कपाटातले खालचे दोन्ही खण रिकामे करून ठेवतो, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

उत्तर द्यायची पहिली पाळी करमरकरांची होती. ते म्हणाले, "रत्नम्मा सांगतेय. भिंतीपाशी उभी आहे. तिला दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. एकदाही भिंत ओलांडलेली नाही. तिला कळत नाही ते सगळं मला कळलं." मग म्हणाले, "माझा काही पॉइंट नाही." आणि त्यांनी काकूंच्या ट्रेमधला भरलेला पेला उचलून गरम कॉफी एका दमात संपवली, मेघनाला लवकर बोलता यावं म्हणून. जीभ भाजली असणार.

तिला विचारलं, हे कसं सुचलं? "तुम्हीच म्हणता ना, सांगणाऱ्याला कळतं तेवढंच लिहायचं," ती म्हणाली. "मग मी बघितलं, माझ्याएवढीच मराठी कुणाला येते? आमच्या शेजारच्या आंटीला येते. त्यांना सांगायला बसवलं."

*

बेंगळुरूला त्या हिवाळ्यात कथावाचनाचा एक कार्यक्रम होता. कर्नाटकातल्या मराठी गटांनी प्रत्येकी एक कथा पाठवायची, आणि पुण्याकडचे एक प्राध्यापक त्यांवर बोलणार. आमच्याकडून मेघनाचीच जाणार, यावर दुमत नव्हतं. वाद पेटला तो वेगळ्याच कारणानं.

मी म्हटलं, जरा हात फिरवून देऊया. रत्नम्मा दुसऱ्यांचं बोलणं सांगते ते तसंच ठेवू, पण मधलं निवेदन थोडं शुद्ध करू. बेंगळुरूला लोक नावं ठेवतील. देसाई माझ्या बाजूनं होते. मेघना काकांकडे बघत होती, काका जमिनीकडे. आम्हाला खात्री होती की पुण्याचे करमरकर तर सगळ्यात आधी लाल पेन काढतील.

करमरकर भडकले. गटात मी त्यांना असं भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. "रत्नम्माला माझी मराठी दिलीत तर त्या बॅगेचा अर्थ तिला पहिल्या दिवशीच कळेल," ते म्हणाले. "मग ती अज्जीला लकी म्हणेल का? एक शब्द बदलायचा नाही. बदलला तर मी गट सोडतो."

एक शब्दही बदलला नाही.

*

कार्यक्रमाला आम्ही सगळे, काकू आणि नीलिमासुद्धा, सकाळच्या गाडीनं गेलो. काकूंनी डब्यात कोडबळी घेतली होती, ती मंड्या यायच्या आत संपली. मेघना खिडकीशी बसून कथा ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

हॉल भरलेला. इतर कथा चांगल्या होत्या, भाषा तर फारच चांगली होती, आणि त्यामुळेच मी मेघनाकडे बघायचं टाळत होते. मेघनानं तिच्या त्याच सपाट आवाजात वाचलं. 'अज्जी फार लकी आहे'ला मागून कुणीतरी हसलं. बॅगेपाशी हसणं थांबलं. 

मग प्राध्यापक बोलायला उभे राहिले. बाकीच्या कथांवर ते बेताचं बोलले आणि या कथेवर बोलतच राहिले. निवेदकाची निवड कशी करावी याचा हा धडा आहे, म्हणाले. निवेदिकेला जे कळत नाही तेच वाचकाला कळतं, आणि कुठंही लेखिका मधे येऊन समजावत नाही. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. देसायांनी तर करमरकरांच्या पाठीवर थाप मारली.

"आणि सगळ्यात मोठं कौशल्य भाषेचं," प्राध्यापक पुढे म्हणाले. "इतक्या थोड्या शब्दांची, दुसऱ्या भाषेच्या वळणाची ही मराठी लेखिकेनं निवेदिकेसाठी घडवली आहे. स्वतःची मराठी पूर्ण बाजूला ठेवणं किती अवघड असतं, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. माझी लेखिकेला विनंती आहे. त्यांनी इथं यावं, रत्नम्माला जरा वेळ घरी ठेवावं, आणि स्वतःच्या नेहमीच्या मराठीत आपल्याशी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या पडल्या. आमची रांग मात्र गार पडली. मी नीलिमाचा हात धरला. काकांनी डोळे मिटून घेतले. ऑफिसातल्या मुली नव्हत्या इथं, पण त्यांच्यासारखी शंभर माणसं समोर बसली होती.

मेघना उठली. ओढणी सारखी केली, वर गेली, माइक खाली ओढून घेतला.

"नमस्कार. सर, तुम्ही छान बोललात. मला सगळं कळ्ळं नाही, पण छान होतं."

हॉल मोठ्यानं हसला. रत्नम्माचीच नक्कल चाललीय असं लोकांना वाटलं. तिनं हसणं संपू दिलं.

"माझ्या नेहमीच्या मराठीत बोल म्हणालात. सर, हीच आहे. दुसरी नाही माझ्याकडं."

आता कुणी हसलं नाही.

"आम्ही फार वर्षांपासनं म्हैसूरला आहोत. आमचे अज्जा पुष्कळ शब्द बोलतात. अप्पा त्याच्यापेक्षा कमी. मी अजून कमी. माझे पुढं कोण बोलेल, गोत्तिल्ला, माहीत नाही. मग मी म्हटलं, आहेत तेवढ्यात एक कथा बसते का बघू. बसली."

ती थांबली आणि माइक परत द्यायला वळली. प्राध्यापक उभे होते. माइक घ्यायला त्यांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी मागे घेतला. मग टेबलाला वळसा घालून ते खाली उतरले, पहिल्या रांगेत करमरकरांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले आणि तिला म्हणाले, "अजून बोल."